ईस्ट मार्डलचा सांड

सौंसरच्या प्रणालीनं इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं. पण इंग्लंडातल्या ईस्ट मार्डल नावाच्या डिस्ट्रिक्टमध्ये कोणत्या गल्लीतला कचरा कोणत्या वारी उचलतात, हे तिला तोंडपाठ होतं.

नागपूरच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची. ईस्ट मार्डलच्या कौन्सिलची महिन्यातून एक सभा व्हायची. तिचं रेकॉर्डिंग प्रणालीकडे यायचं आणि तिनं त्याचं इतिवृत्त तयार करून पाठवायचं. तिथल्या मेंबरांचं बोलणं कॉम्प्युटरला कळत नसे. तोंडात बिस्किट असल्यासारखे ते बोलत, आणि बहुतेक वेळा तोंडात बिस्किट असायचंच. म्हणून प्रणाली हेडफोनवर एकेक वाक्य ऐकायची आणि तेच स्वच्छ इंग्रजीत माइकमध्ये बोलायची. तिचा आवाज मशीनच्या ओळखीचा होता. ती बोलेल ते पडद्यावर उमटायचं.

चार वर्षं हे काम करून तिनं कपाटाच्या दारावर ईस्ट मार्डलचा नकाशा चिकटवला होता. सपाट, ओलसर मुलूख. मधून विसल नदी वाहते आणि हिवाळ्यात मनाला येईल तशी शेतांत शिरते. पूर्वेला समुद्र दरवर्षी थोडी जमीन खातो, आणि दरवर्षी त्यावर एक समिती बसते. गावं म्हणावी अशी तीन, त्यांतलं मोठं पॉडनी. सगळ्या मिळून एकतीस पॅरिश, म्हणजे आपल्या ग्रामपंचायती.

तिचे सासरे रामाजी कधी कधी रामाकोना गावातल्या संत्र्याच्या बागेतून परतले की या नकाशासमोर खुर्ची टाकून बसत. सौंसर ज्यात येतं तो पांढुर्णा नवा जिल्हा झाल्यापासून त्यांना जिल्हा या विषयात फार गोडी लागली होती.

"तिथं कलेक्टर कोठी बसते?" त्यांनी एकदा विचारलं.

"तिथं कलेक्टर नसतोच, मामाजी."

"नसतो म्हणजे? सुट्टीवर आहे?"

"नाही, ती पोस्टच नाही. वर काउंटी आहे, तिच्याकडे रस्ते अन शाळा. मधात डिस्ट्रिक्ट, त्याच्याकडे कचरा अन घरांच्या परवानग्या. खाली पॅरिश, तिच्याकडे बाकडे अन स्मशानातलं गवत."

"अन रस्त्यावर कचरा पडला तं?"

"त्यावर मागच्या वर्षी चार सभा झाल्या."

रामाजींनी खुर्ची नकाशाच्या आणखी जवळ ओढली. "अन तरी रोज सूर्य उगवते तिथं?"

"हिवाळ्यात कमीच उगवतो म्हणतात."

त्या नोव्हेंबरात सौंसरला बाजार रोडच्या वळणावर, बस थांब्यापाशी, एक सांड, म्हणजे मोकाट वळू, येऊन बसला. कुठून आला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तपकिरी, थोराड, कपाळावर पांढरा टिळा. लोक त्याला पाव्हणा म्हणू लागले, कारण तो आला आणि जायचं नाव घेईना. तो कोणाला मारत नसे, नुसता बसे. पण असा बसे की ऑटोवाल्यांना खाली उतरून त्याच्याशी बोलावं लागे. रामाजींच्या फाटकापासून तो पन्नास पावलांवर होता, आणि त्यांची संत्र्याची गाडी रोज त्याच्यापाशी येऊन अडे.

ज्या दफ्तरानं त्याला उचलायचं होतं तिथं रामाजींनी इकडच्या सरकारी भाषेत, हिंदीत, दोन अर्ज दिले. दफ्तराचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांचा मुलगा कुलदीप, म्हणजे प्रणालीचा नवरा, अजून तिथंच बाबू आहे. अर्जांचं काही झालं नाही.

"हिंदीत दिला ना, म्हणून," रामाजी म्हणाले. "हिंदीतला अर्ज बाबूच वाचते अन बाबूच दाबते. इंग्रजीत दे. मंग बाबूले समजत नाई, थो साहेबाकडे पाठवते."

"मी समजतो ना इंग्रजी," कुलदीप म्हणाला.

"तू चूप राह्य."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणाली ईस्ट मार्डलच्या नोव्हेंबरच्या सभेचं काम करत होती. सातवा विषय नुकताच संपला होता: पॉडनीच्या मार्केट रोडवरच्या बस थांब्याला छप्पर असावं की नाही. तेवढ्यात रामाजी आले आणि अर्जासाठी अडून बसले. प्रणालीनं हेडफोन गळ्यात घेतले आणि बाजार रोडचा मार्केट रोड करून माइकमध्ये इंग्रजीत बोलून टाकलं: मार्केट रोडच्या वळणावर, बस थांब्याजवळ, एक मोठा वळू एकोणीस दिवसांपासून बसलेला आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्रास होत आहे. तो तातडीने हटवावा. रामाजी.

हा मजकूर उचलून वेगळ्या कागदावर न्यायचा होता. पण तितक्यात गॅसवाला आला, सिलेंडर बाहेरच ठेवून निघू लागला, त्याच्याशी वाद झाला, आणि परत येऊन प्रणालीनं सरळ आठव्या विषयापासून पुढं काम सुरू केलं. संध्याकाळी फाइल गेली. अर्जाचं रामाजींना नंतर आठवलं. त्यांना तिनं दुसरा लिहून दिला. तोही दफ्तरात जाऊन बसला.

डिसेंबरचं रेकॉर्डिंग आलं. प्रणाली नेहमीप्रमाणे बोलत होती. अध्यक्षांनी विचारलं, "मागच्या इतिवृत्तात कोणाला काही दुरुस्ती?" कोणालाच नव्हती. अध्यक्षांनी सही केली. मग ते म्हणाले, "आता त्यातून निघणारी कामं. सात ख. वळू."

प्रणालीनं रेकॉर्डिंग थांबवलं. मागं नेलं. पुन्हा ऐकलं. वळूच होता.

तिनं मागच्या महिन्याची फाइल उघडली. सातव्या आणि आठव्या विषयांच्या मधात, सुंदर ठळक अक्षरांत, पाव्हणा बसला होता.

पुढची चाळीस मिनिटं तिनं पाणी पीत पीत ऐकली. पर्यावरण अधिकारी मिस्टर पाइक यांनी अहवाल दिला: ते मार्केट रोडवर तीन वेळा जाऊन आले. वळू दिसला नाही. शेण सापडलं, पण ते घोड्याचं वाटतं. यावर एका बाईंनी विचारलं की मुळात हे काम आपलं आहे का. काउंटीला पत्र गेलं होतं. काउंटीचं उत्तर असं होतं की वळू उभा असेल तर ती वाहतूक, म्हणजे काउंटी. बसलेला असेल तर तो अडथळा, म्हणजे डिस्ट्रिक्ट. आणि तो गवत खात असेल तर गवत पॅरिशचं आहे, त्यांना विचारा.

"इतिवृत्तात बसलेला असं स्पष्ट लिहिलं आहे," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे आपलाच."

मग अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मेंबर बॅरी टटल उठले. चार वर्षांत प्रणालीनं त्यांचं एकही वाक्य टिपलेलं नव्हतं. त्यांचं नुसतं घोरणं तिच्या ओळखीचं होतं.

"मी पाहिला त्याला," बॅरी टटल म्हणाले. "मंगळवारी. तपकिरी आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं."

मग कोणीतरी विचारलं, "आणि हे मिस्टर रामाजी कोण?"

कागदांची खसखस ऐकू आली. आपण इतिवृत्त वाचलंच नव्हतं हे कबूल करायला त्या हॉलमध्ये एकही माणूस तयार नव्हता. शेवटी एकजण म्हणाला, "लोअर विसलचे नवीन मेंबर ना? ते शांत असतात ते?"

"हो हो," अध्यक्ष म्हणाले. "फार समंजस माणूस."

वळू कार्यगट स्थापन झाला. पाच सदस्य.

प्रणालीनं कुलदीपला दफ्तरातून जेवायला आल्या आल्या सगळं सांगितलं. त्यानं पोळीचा घास हातातच धरला.

"कोणी विचारलं, चूक कोणाची म्हणून?"

"नाही."

"अध्यक्षाची सही झाली?"

"झाली."

"मंग सांड आहे," कुलदीप म्हणाला आणि घास तोंडात टाकला. "सही झाल्यावर सांड नसते असं होत नाई. तू काहून घाबरून राहिली?"

"अहो, ते शोधून राहिले त्याला! थंडीत!"

रामाजी ओसरीतून ऐकत होते. ते आत आले. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांच्या बागेला दिल्लीचं बक्षीस मिळालं. "म्हणजे माहा अर्ज तिथं चालू आहे?"

"चालू आहे, मामाजी."

"तीन वेळा साहेब सोता येऊन गेला?"

"तीन वेळा."

"इथं एकदाबी कोणी आलं नाई बाप्पा." ते कुलदीपकडे पाहून म्हणाले. कुलदीपनं ताटात पाहिलं. "त्या पाइकसाहेबाले म्हणा, चौथ्यांदा सकाळी येजो. दुपारी थो सावलीत सरकते."

"मामाजी, तिथं तो नाहीच आहे!"

"त्या म्हाताऱ्याले कसा दिसला मंग?"



जानेवारीच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज इतका होता की तिला वाटलं चुकून कुठल्या लग्नाची फाइल आली. ज्या सभेला एरवी दोन माणसं यायची, त्यांतलं एक हीटरपाशी बसायला, तिथं चौसष्ट जण आले होते. पॉडनीत दोन पक्ष झाले होते. एकाचं म्हणणं वळूला हटवा, दुसऱ्याचं म्हणणं त्यानं कोणाचं काय बिघडवलं. एका बेकरीवाल्यानं शिंगांची पावरोटी काढली होती. काउंटीनं आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून मार्केट रोडच्या दोन्ही टोकांना वळूपासून सावध राहण्याच्या पाट्या लावल्या होत्या, आणि त्या पाट्यांमुळे वाहतुकीला अडथळा होतो अशी तक्रार डिस्ट्रिक्टकडे आली होती. बॅरी टटल आता दर मंगळवारी लोकांना ती जागा दाखवायला नेत होते. या सभेत ते एकदाही घोरले नाहीत.

प्रणालीला जेवण गोड लागेना. वळू पाहायला म्हातारी माणसं ओल्या रस्त्यावर उभी राहत होती, आणि मुळात तो वळू एका गॅसवाल्यामुळे तिथं गेला होता. तिनं कुलदीपला न विचारता कौन्सिलच्या क्लार्क मिसेस ग्रिग्ज यांना ईमेल लिहिला. सगळं खरं खरं. शेवटी तीन वेळा माफी मागितली. मग एक माफी काढली, पुन्हा घातली, आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मिसेस ग्रिग्ज यांचा व्हिडिओ कॉल आला. साठीच्या बाई, पांढरे केस, गळ्यात दोन चष्मे. पदर सावरून प्रणाली अशी बसली की जणू मुलगी पाहायला पाहुणे आले आहेत.

"मला माहीत होतं," मिसेस ग्रिग्ज म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"सही झाल्यावर पाच मिनिटांनी. माझं घर मार्केट रोडवरच आहे. वळणावरच. माझ्या खिडकीतून बस थांबा दिसतो."

"मग तुम्ही बोलल्या का नाही?"

मिसेस ग्रिग्ज यांनी एक चष्मा काढला आणि दुसरा लावला. इतिवृत्त वाचून सभेपुढं ठेवणं हे त्यांचंच काम होतं, आणि त्यांनी ते वाचलं नव्हतं. आधी लाज वाटली म्हणून त्या गप्प राहिल्या. मग लोक येऊ लागले. "बावीस वर्षं मी रिकाम्या खुर्च्यांसमोर कागद वाचते आहे, प्रणाली. मागच्या महिन्यात मला घरून खुर्च्या आणाव्या लागल्या."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. एक एप्रिलला ईस्ट मार्डल डिस्ट्रिक्ट बंद होणार होतं. काउंटी आणि सहा डिस्ट्रिक्ट मोडून एकच मोठी कौन्सिल करायची असं वरून ठरलं होतं. प्रणालीनं हे रेकॉर्डिंगमध्ये तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं, पण नीट मनावर घेतलं नव्हतं. इथं नुकताच जिल्हा झाला म्हणून फटाके फुटले होते. असलेला जिल्हा कोणी पुसूनही टाकतं, हे तिला खरं वाटलं नव्हतं. ती वळून कपाटाकडे पाहू लागली.

"अडचण अशी आहे," मिसेस ग्रिग्ज म्हणाल्या, "की बंद होण्याआधी प्रत्येक काम एकतर पूर्ण करायचं, नाहीतर नवीन कौन्सिलकडे सोपवायचं. सोपवण्याच्या फॉर्ममध्ये वळूचा रकाना नाही. मी फोन करून विचारलं. त्यांनी मला परत फोन करू नका म्हणून सांगितलं. तुमच्याकडे खरंच वळू आहे का?"

"आहे."

"कुठं?"

प्रणाली फोन घेऊन फाटकापर्यंत गेली आणि कॅमेरा फिरवला. पाव्हणा रवंथ करत बसला होता. त्याच्याभोवतीनं एक स्कूटर, दोन सायकली आणि एक नवरदेवाची गाडी अदबीनं वळून गेली. मिसेस ग्रिग्ज चष्मा बदलून पडद्याच्या जवळ सरकल्या.

"तपकिरी आहे," त्या म्हणाल्या. "बॅरीला फार बरं वाटेल."

फेब्रुवारीच्या सभेत मिसेस ग्रिग्ज यांनी एवढंच सांगितलं की वळूचा ठावठिकाणा लागला असून तो डिस्ट्रिक्टच्या हद्दीच्या किंचित बाहेर आहे. किती बाहेर ते कोणी विचारलं नाही. संबंधित दफ्तराला पत्र लिहावं असा ठराव एकमतानं झाला. प्रणालीनं तो माइकमध्ये बोलताना या वेळी बाहेरचं दार लावून घेतलं.

ते पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात सौंसरच्या त्या दफ्तरात पोचलं. जाड कागद, वर कौन्सिलचं चिन्ह: एक मासा आणि तीन पानकोब्या. खाली अध्यक्षांची सही आणि लाल शिक्का. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं. मग कुलदीपला बोलावलं.

"ये ईस्ट मार्डल क्या है?"

"इंग्लंडचा जिल्हा आहे साहेब."

"हमारे सांड का उनको कैसे पता?"

कुलदीपनं पत्राचं पाकीट नीट घडी घालून ठेवलं.

"ऊपर से होके आया होगा," साहेब स्वतःशीच म्हणाले. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "और ये रामाजी कौन है?"

घाम आता कुलदीपला फुटला होता. पण अकरा वर्षं बाबूगिरी केलेला माणूस तो. त्यानं पत्रावर बोट ठेवलं. "त्यांचेच मेंबर दिसून राहिले साहेब. लोअर विसलचे. असं लिहिलं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाजार रोडवर एक ट्रॅक्टर-ट्रॉली, आठ माणसं, जनावरांचे डॉक्टर आणि खुद्द साहेब हजर झाले. साहेबांच्या हातात पत्राची झेरॉक्स होती. सांडाला दोर लावला. तो उठला नाही. आठ जणांनी ढकललं. त्यानं मान वळवून आठही जणांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि त्यांतले तिघं चहा प्यायला गेले. डॉक्टरांनी इंजेक्शन काढलं, मग सांडाचा आकार पाहून परत ठेवलं. "इतकं औषध तालुक्यात नाई," ते म्हणाले. साहेबांनी त्याला ठराव वाचून दाखवला. इंग्रजीत.

रामाजी फाटकात उभे राहून पाहत होते. तासाभरानं त्यांना राहवलं नाही. मृगबहाराच्या, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याच्या, संत्र्यांची टोपली घेऊन ते गेले, एक संत्रं सोललं आणि सांडाच्या नाकापुढं धरलं. सांडानं संत्रं खाल्लं. सालही खाल्लं. मग तो पुढचे पाय टेकवून, मागचा भाग उचलून, अख्खा उभा राहिला, आणि बाजार रोडवर टाळ्या पडल्या.

"आधी काहून नाई सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्ज दिला होता ना," रामाजी म्हणाले. "अर्ज दिल्यावर आपण कशाले हात लावा?"

मग वरातच निघाली. पुढं टोपली घेऊन रामाजी, मागं सांड, त्याच्या मागं साहेब, मग रिकामी ट्रॉली, आणि शेवटी ज्यांना त्या दिवशी दुसरं काम नव्हतं असे दीड-दोनशे लोक. बोरगावच्या रस्त्यावरच्या गोशाळेपर्यंत सत्तावीस संत्री लागली. गोशाळेच्या दारात फोटो काढला. साहेब म्हणाले, पत्रात नाव असलेले ते रामाजी नाहीत तर निदान कोणी वयस्क शेतकरी तरी शेजारी उभा पाहिजे. म्हणून त्यांनी रामाजींनाच हात धरून शेजारी उभं केलं. कुलदीपनं फोटो काढला. पहिल्या चार फोटोंत सांडाला सहा शिंगं आली.

अहवाल फोटोसकट ईस्ट मार्डलला गेला: कार्यवाही पूर्ण.

मार्चची सभा शेवटची होती. रेकॉर्डिंग आलं तेव्हा प्रणालीनं हेडफोन लावले नाहीत; स्पीकरवरच लावलं, कारण रामाजी आणि कुलदीप दोघंही येऊन बसले होते. सात ख वर फोटो दाखवला गेला. मग बॅरी टटलांचा आवाज आला.

"तोच," ते म्हणाले. "आता थोडा जाड झाला आहे."

"काय म्हणून राहिला थो म्हातारा?" रामाजींनी विचारलं. प्रणालीनं सांगितलं. रामाजींनी समाधानानं मान हलवली. "नजर चांगली आहे त्याची."

विषय बंद झाला. बस थांब्याच्या छपराचा निर्णय नवीन कौन्सिलवर सोपवला गेला. त्याला रकाना होता. मग अध्यक्ष म्हणाले की आता एकच काम राहिलं आहे, आणि त्यांनी ईस्ट मार्डलच्या एकतीस पॅरिशची नावं एकेक करून वाचायला घेतली. मध्येच कागद सरकवल्याचा आवाज आला, आणि पुढची मिसेस ग्रिग्जनी वाचली. अपर विसल. लोअर विसल. पॉडनी. लिटल पॉडनी. स्नेप एंड. प्रणालीला ती सगळी आधीच माहीत होती. कुठली नदीकाठची, कुठली समुद्राकडची, कुठे बुधवारी हिरवा डबा बाहेर ठेवायचा. ती नकाशाकडे पाहत, माइक बंद ठेवून, नुसती ऐकत राहिली.

रामाजींना इंग्रजीतलं काही कळत नव्हतं. पण हजेरी चालली आहे एवढं त्यांना कळलं. आणि तिकडून कोणीच ओ देत नाही हे ऐकून त्यांना बरं वाटेना.

"हाजिर," पुढचं नाव आलं तसे ते म्हणाले.

कुलदीपनं त्यांच्याकडे पाहिलं. पुढचं नाव आलं. "हाजिर," रामाजी म्हणाले. त्याच्या पुढच्याला कुलदीपही म्हणाला.